सिस्टरच्या सायकलची टकटक

सकाळच्या मालगाडीसाठी फाटक पडलं की चांगली दहा-बारा मिनिटं उघडायचं नाही. मोटारवाले चरफडत हॉर्न वाजवत बसायचे. सायकलवाल्यांची मात्र तेवढ्यात सभा भरायची. ती कोणी सुरू केली हे कोणालाच आठवत नव्हतं. पण फाटकाच्या डाव्या अंगाला, सिग्नलच्या खांबाशी, रोज तेच सात-आठ जण एक पाय जमिनीवर टेकवून उभे असत आणि जगात सायकलीच्या प्रश्नांखेरीज दुसरे प्रश्नच नाहीत अशा थाटात बोलत.

त्यात गणिताचे एक मास्तर होते. त्यांच्या सायकलला एकवीस गियर, आणि प्रत्येकाचे दाते त्यांना तोंडपाठ. "पुढे बेचाळीस, मागे एकवीस," ते म्हणायचे, "म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक दोनदा. पुलाच्या चढाला हे कशाला? मागे अठ्ठावीसवर या, गुडघे दुवा देतील." त्यांच्यासमोर पोस्टमन. त्याची वडिलांच्या वेळची लोखंडी सायकल, गियर एकच. "मास्तर, तुमचे गियर पुसण्यात तुमचा रविवार जातो. माझे गियर मांड्यांत आहेत, त्यांना फक्त जेवण लागतं." चेनला तेल घालावं की मेण लावावं यावर या दोघांचं आठ वर्षं भांडण चाललं होतं, आणि दर वेळी नेमकं फाटक उघडल्यामुळे ते निकालात निघत नव्हतं.

सभेतला शेवटचा शब्द मात्र कानसेनचा.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो बावन्न वर्षांचा, अंगाने काटक, कापडगिरणीत मागांचा फिटर. रोज नऊ किलोमीटर जाणं, नऊ किलोमीटर येणं, असं तीस वर्षं. एकदा पोस्टमन मागून येत असताना यानं मान न वळवताच म्हटलं, "मागच्या चाकाचा एक स्पोक ढिला झालाय रे तुझा." पोस्टमननं चाक फिरवून एकेक स्पोक चिमटीत धरून पाहिला, तर खरंच एक लुळा पडलेला. मास्तरांनी तिथेच हात जोडले. "आम्ही नुसते वाजणारे, हा आमचा कानसेन." तेव्हापासून तेच नाव पडलं.

ही विद्या त्याला मागांनी शिकवली होती. एकोणिसाव्या वर्षी तो गिरणीत लागला तेव्हा तीनशे मागांच्या गोंगाटात त्याचं डोकं उठायचं. म्हातारा फिटर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला होता, "गोंगाट ऐकू नकोस, गोंगाटात जे चुकतंय ते ऐक." वर्षभरात तो मागांच्या रांगेतून नुसता चालत गेला तरी कोणता माग कुरकुरतोय हे सांगू लागला. मग सायकल म्हणजे काय, हातचा मळ. बेअरिंगमधले छर्रे झिजले की खरखर, चेन कोरडी पडली की चिवचिव, ब्रेकचं रबर झिजून दगडासारखं झालं की किंचाळी. फाटकापाशी सायकल आली की तो डोळे बारीक करायचा आणि वैद्य नाडी सांगतो तसा दोष सांगायचा.

"बाहेर कोणाच्या सायकलची चेन वाजली तरी यांना कळतं," त्याची बायको शेजारणीला सांगायची, "आणि मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तर एक पोचत नाही." ही थट्टा त्यांच्या घरात वीस वर्षं चालली होती. दोघंही हसायचे.

ती थट्टा राहिली नाही, हे त्याला एका रविवारी कळलं.

पंधरा दिवसांपासून त्याच्या स्वतःच्या सायकलचा फ्रीव्हील मुका झाल्यासारखा वाटत होता. पायडल थांबवून सायकल नुसती सोडली की मागच्या चाकातून टिकटिक येते ना, ती येत नव्हती. आत घट्ट ग्रीस गेलं असेल म्हणून त्यानं अंगणात वर्तमानपत्र पसरलं, फ्रीव्हील काढला, रॉकेलमध्ये धुतला, आतल्या बारीक स्प्रिंगा तपासल्या, पातळ तेलाचे दोन थेंब सोडून परत बसवला. चाक उचलून फिरवलं. शांत. पुन्हा उघडला, पुन्हा धुतला. तरी शांत. दुपार झाली. बायको जेवायला बोलवायला दारात आली, तेव्हा तो फिरत्या चाकाकडे बघत बसला होता.

"अहो, बास करा ना आता. केव्हाची टिकटिक टिकटिक चाललीये, डोकं दुखायला लागलं माझं."

त्यानं चाकावर हात ठेवून ते थांबवलं. मग पुन्हा फिरवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"आता येतोय आवाज?"

"म्हणजे काय! बहिरे झालात का?"

ती हसून आत गेली. त्यानं फ्रीव्हीलला बोटांची टोकं लावली. आत खिटी दात्यावरून उडी मारत होती, बोटांना बारीक धक्के बसत होते. बोटांना कळत होतं ते कानांना कळत नव्हतं.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे मुठीत दुसरं होतं तरी काय? ज्याला वाचता येतं, गाता येतं, चार लोकांत बोलता येतं, त्याचं एक गेलं तर दुसरं असतं. याच्याजवळ फक्त कान होते. गिरणीत कळलं तर फिटरचा झाडूवाला व्हायला वेळ लागणार नाही, ही भीती एक. पण खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मोठी भीती त्या फाटकाची होती. दिवसाची ती दहा मिनिटं सोडली तर त्याला कोणी कुठे विचारत नव्हतं.

मग तो चाणाक्षपणे वागू लागला. कोणी सायकल पुढे केली की लगेच काही सांगायचा नाही, प्रश्न विचारायचा. "आवाज कधी येतो? चढावर की उतारावर? पायडल मारताना की नुसती सोडल्यावर? ओल्यात जास्त की कोरड्यात?" उत्तरांवरून तो दोष ताडायचा, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचा. लोकांना वाटलं, कानसेन आता जास्तच खोलात शिरतो. मास्तर कौतुकानं म्हणाले, "शास्त्रीय पद्धत म्हणतात ती हीच." तो कसनुसा हसला. कधी उशिरा निघायचा, म्हणजे फाटक उघडता उघडता पोचता येईल. कोणी मागून बोललं की नुसती मान डोलवायचा. दोन माणसं एकदम हसली की त्याला वाटायचं, यांना कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

असे सहा महिने गेले.

त्या सभेत सरकारी दवाखान्यातल्या एक नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. पस्तिशीच्या, बोलायला सडेतोड. घरी लहान मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे, म्हणून त्यांची सायकल कायम घाईत. सीटवर बसून पायडल मारणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पुलाचा चढ आला की उभ्या राहून दणादण मारायच्या. त्या मंगळवारी त्या आल्या तेव्हा गाडी जवळ आली होती, घंटा घणघणत होती.

"काका, जरा बघा हो. कालपासून टक टक येतंय. डाव्या पायाकडे. मी उभी राहिले की जास्त येतं."

पुढेही त्या काही बोलल्या. तेवढ्यात मालगाडी आली, आणि डब्यांच्या धडधडाटात त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. कानसेननं मान डोलावली. खाली बसला, डावं पायडल हातानं उलटं फिरवलं. कान टवकारले. गाडी गेली, घंटा थांबली, तरी त्याच्या कानांत नुसता एक जाड गुणगुणाट राहिला होता. पायडल जिथे दांड्याला बसतं, तिथे ग्रीसची काळी रेघ होती. त्यानं ती अंगठ्यानं पुसली. आजूबाजूला सगळे बघत होते. पोस्टमननं तर बोट ओठांवर ठेवून बाकीच्यांना गप्प केलं होतं.

"पायडल कोरडं पडलंय," कानसेन उठत म्हणाला. "संध्याकाळी दोन थेंब तेल सोडा. काही विशेष नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

फाटक वर गेलं आणि सिस्टर सगळ्यांच्या आधी निघून गेल्या.

गिरणीत अकरापर्यंत तो कामात होता. अकराला एका मागाची खालची पट्टी बदलायला घेतली. जुनी पट्टी काढून पुसली, तर तिच्यावर काळी रेघ. फडक्यानं पुन्हा पुसली. रेघ तशीच. नखानं खरवडून पाहिली आणि नख अडकलं. तडा होता. तड्यात मुरलेलं काळं तेल कितीही पुसलं तरी परत वर येतं, हे तो शिकाऊ फिटरांना सांगत आला होता.

त्याचा हात थांबला.

सकाळी त्यानं ती रेघ पुसली होती. आणि उठता उठता पुन्हा पाहिली होती. ती तिथेच होती. डोळ्यांनी पाहिलं होतं, पण लोक बघत होते म्हणून मनानं पाहिलं नव्हतं. कोरडं पायडल बसल्या-उभ्या सारखंच वाजेल. उभं राहिल्यावर, सगळा भार पडल्यावर जास्त वाजतो, तो चिरत चाललेला धातू. सिस्टरच्या सायकलचे दांडे ॲल्युमिनियमचे, आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखं वाकून इशारा देत नाही. एकदम तुटतं. तुटताना अंगाचा सगळा भार त्याच पायावर असतो.

सिस्टर सुटतात तीनला. दवाखान्यातून घरी जाताना पूल. चढ, मग लांबलचक उतार, आणि दुपारच्या वेळी ट्रकांची रांग.

त्यांचा नंबर त्याच्याकडे नव्हता. आठ वर्षांची ओळख, पण ती फाटकापुरती. कोण कुठे राहतं हेसुद्धा धड माहीत नाही. तो ऑफिसात धावला आणि तिथल्या कारकुनाला दवाखान्यात फोन लावायला लावला. स्वतः लावला असता, पण फोनवरचं बोलणं त्याला हल्ली अर्धंच कळायचं. कारकुनानं तीन वेळा फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा वॉर्डात जोडून देता देता तुटला. तिसऱ्यांदा कोणीतरी "सांगते" म्हणून ठेवून दिला. काय सांगितलं, कोणाला सांगितलं, देव जाणे.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडलाच नाही. पावणेदोनला तो सुपरवायझरसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला जायचंय."

"कुठे? तब्येत बरी नाही का?"

"एक चूक केलीये. ती दुरुस्त करायचीये."

तीस वर्षांत या माणसानं पाळी अर्धी सोडली नव्हती. सुपरवायझरनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दवाखाना सात किलोमीटर. एवढ्या जोरात त्यानं तरुणपणीही सायकल मारली नसेल. तीनला वेळ आहे, तीनला वेळ आहे, असं तो पायडलच्या तालावर घोकत होता, आणि प्रत्येक घोकण्यामागून दुसरा आवाज येत होता: नक्की ना? नक्की. वाटेत एक मोटार अगदी खेटून गेली. ती येतेय हे त्याला कळलंच नव्हतं.

दवाखान्याच्या सायकलस्टँडवर तो पोचला तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. निळी सायकल, पुढे तारेची टोपली. एकदा सगळी रांग पाहिली, मग पुन्हा पाहिली. नव्हती.

स्टँडचा रखवालदार खुर्चीवर बसून दात कोरत होता. "सिस्टरची निळी सायकल? टोपलीवाली?" कानसेननं विचारलं.

रखवालदार काडी तोंडात ठेवूनच काहीतरी बोलला. कानसेनला ऐकू आलं ते एवढंच: "...मागच्या... ठेव..."

"बरं," म्हणून तो मागच्या बाजूला धावला. मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे सायकली होत्या, पण मोडक्या खाटांच्या ढिगाशेजारी गंजलेल्या, कोणी विचारत नसलेल्या. निळी नव्हती. तो शेडभर फिरला. खाटांच्या मागेही वाकून पाहिलं. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. चार मिनिटं गेली. आपण भलतंच ऐकलं, हे त्याला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण परत जाऊन पुन्हा विचारायचं म्हणजे "ऐकू आलं नाही" म्हणायचं, आणि सहा महिन्यांत ते तीन शब्द त्यानं एकदाही उच्चारले नव्हते.

तो परत आला. रखवालदाराच्या अगदी समोर उभा राहिला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "मला नीट ऐकू येत नाही. तोंडातली काडी काढा आणि हळू सांगा. सिस्टर कुठे आहेत?"

रखवालदारानं काडी काढली. सरळ बसला. एकेक शब्द सुटा करून बोलला, "सिस्टर. मागच्या गेटनं. गेल्या. सायकल आज तिकडेच ठेवली होती. लवकर सुटायचं म्हणून."

"लवकर? आज तीनला नाही?"

"दोनला. सासऱ्यांना तपासायला डॉक्टर यायचेत घरी. सकाळपासून सगळ्यांना सांगतायत."

त्यालाही सांगितलं असणार. गाडीच्या धडधडाटात ओठ हलत होते, ते हेच.

पुढची पाच मिनिटं त्याला नीट आठवत नाहीत. मागचं गेट, औषधांच्या दुकानांची रांग, चौकातला लाल दिवा, तो त्यानं मोडला. मग पुलाचा चढ समोर आला आणि चढाच्या मध्यावर निळी सायकल दिसली. सिस्टर उभ्या राहून पायडल मारत होत्या. एकदा डावा, एकदा उजवा.

त्यानं घंटी वाजवली. वाजतेय की नाही हेही त्याला कळत नव्हतं. मग तो ओरडला, फुप्फुसं फाटतील असा.

"सिस्टर! खाली बसा! उभ्या राहू नका! बसा!"

सिस्टरनी मान अर्धी वळवली. त्या सीटवर टेकायला आल्या, आणि त्याच क्षणी डावा पाय भसकन रस्त्यापर्यंत गेला. सायकल आडवी झाली. त्या कठड्याच्या बाजूला पडल्या, तळहातावर. मागून येणारा टेम्पो करकचून थांबला, त्यांच्या चपलेपासून हातभर अंतरावर.

तो पोचला तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. शेजारी पायडल पडलं होतं, दांड्याचा तुटका तुकडा त्याला अजून चिकटलेला. तुटलेली कड अर्धी चकचकीत होती आणि अर्धी काळी. काळी बाजू कित्येक दिवसांची जुनी होती.

"मोडलंय," सिस्टर मनगटाकडे बघत म्हणाल्या, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. मग त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही इथे कसे?"

टेम्पोवाल्यानं दोघांना आणि दोन्ही सायकलींना मागे घेतलं आणि दवाखान्यात परत आणून सोडलं. वाटेत सिस्टरनी घरी फोन करायला सांगितलं. तो फोन टेम्पोवाल्यानं केला, कानसेननं नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर कानसेन बोलला. त्यांच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत, रविवारच्या फ्रीव्हीलपासून सकाळच्या रेघेपर्यंत सगळं सांगितलं. गाडीच्या आवाजात काय बोललात ते ऐकू आलं नाही, तरी मान डोलावली, हेही.

सिस्टर त्याच्याकडे वळल्या.

"म्हणजे सहा महिने तुम्ही आम्हाला अंदाजानं सांगत होतात?"

"हो."

"आणि आम्ही त्या अंदाजावर पूल उतरत होतो."

"मला लहान मुलगी आहे, काका," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्याला तो स्वच्छ ऐकू आला. "'मला कळत नाही' एवढं म्हणायला काय जात होतं तुमचं?"

तो खाली मान घालून बसला. तेवढ्यात आतून हाक आली. ती त्यानं ऐकली नाही, सिस्टरनी ऐकली. दारातून आत जाता जाता त्या वळल्या. इतक्या वर्षांची सवय, दुसऱ्याचं दुखणं दिसलं की बोट दाखवायची. डाव्या हातानं त्यांनी बोळाच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तिकडे कान-नाक-घसा विभाग आहे. माझा हात बांधून होईपर्यंत तपासून घ्या. माझं नाव सांगा. आणि आता तरी खरं बोला."

कानाच्या तपासणीची खोली म्हणजे काचेची एक बंद पेटी. आत खुर्ची, कानांवर मोठे झाकणासारखे फोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्राशी बसलेली. पहिले जाड आवाज त्याला आले. पुढे नुसती शांतता. पण काचेतून त्या मुलीचा कोपर दिसत होता. ती यंत्राची कळ दाबायची तेव्हा कोपर जरासा हलायचा. तो हलला की हा बटण दाबायचा. असं पाच-सहा वेळा झाल्यावर ती थांबली. तिनं कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आत आली आणि त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली.

"आता," ती म्हणाली.

भिंतीकडे तोंड करून तो बसून राहिला. कितीतरी वेळ बटण दाबायचं कारणच आलं नाही. त्या शांततेत त्याला पहिल्यांदा रडू आलं. डोळे पुसायला हात वर केला तो बटणासकट.

डॉक्टरांनी सांगितलं ते त्याला अपेक्षितच होतं. बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेले, ते मागांच्या गोंगाटानं खाल्ले. ते परत यायचे नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं बरंच कळेल. चेन, स्पोक, छर्रे यांची खात्री देता येत नाही. आणि राहिलेलं टिकवायचं असेल तर गिरणीत कानांत बोळे घालायचे, आजपासून.

घरी गेल्यावर बायको आधी चिडली आणि मग रडली. "हाका ऐकू येत नव्हत्या, आणि मी हसत होते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

बुधवारी तो फाटकावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला. रात्रभर झोप नव्हती. गाडी यायच्या आत बोलायचं असं ठरवून आला होता, आणि बोललाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. एकानं हळूच स्वतःच्या ब्रेकची तार ओढून पाहिली. दुसरा एक जण सायकल घेऊन चार पावलं लांब उभा राहिला, आणि नंतरही तो तिथेच उभा राहू लागला. कानसेनला त्याचा राग आला नाही.

"सहा महिन्यांत कोणाकोणाला काय काय सांगितलं, त्याची यादी केलीये," तो म्हणाला. "अधूनमधून थांबणारे धरून अकरा सायकली आहेत. प्रत्येकाच्या घरी येतो. सगळं उघडून, पुसून, हातानं तपासतो. ऐकणार काही नाही."

पोस्टमन म्हणाला, "माझी आधी. पण मेण लावणार नाही हं."

पुढचे सहा रविवार त्यात गेले. डोळे, बोटं आणि एक भिंग. प्रत्येक दांडा, प्रत्येक हँडलचा सांधा तो कापडानं पुसायचा, पाच मिनिटं थांबायचा आणि रेघ परत येते का बघायचा. दहा सायकली ठीक निघाल्या. अकरावी मास्तरांची. पुढच्या ब्रेकच्या तारेचे सात पदर आतल्या आत तुटले होते, दोन उरले होते. त्यांना तीन महिन्यांपूर्वी त्यानं सांगितलं होतं, ब्रेकचं रबर नवं आहे म्हणून आवाज येतो. मास्तरांनी ती तार हातात घेऊन पदर मोजले. "दोन पदरांवर होतो तर," ते म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

गिरणीत त्यानं स्वतःहून सांगितलं. झाडूवाला वगैरे काही झालं नाही. त्याला सुटे भाग तपासण्याच्या टेबलावर बसवलं, मागांच्या शेडबाहेर, काचेच्या आड. तिथे कंटाळा होता, पण बोळे घातलेले कान तिथे वाचत होते.

सिस्टरच्या हाताचं प्लास्टर निघायला सात आठवडे लागले. त्यानंतरच्या एका दुपारी त्यानं त्यांची सायकल दवाखान्याच्या स्टँडवर आणली. दोन्ही बाजूंना नवे लोखंडी दांडे बसवले होते. मनगटात अजून जोर नव्हता, म्हणून उजव्या ब्रेकची मूठ आत सरकवायची होती. सिस्टरनी ती दाबून पाहिली. "अजून आत." त्यानं स्क्रू फिरवला. "अजून." पुन्हा फिरवला. मग त्यांनी स्वतः खाली बसून दांड्यांवर बोट फिरवलं, एकेक नट पान्यानं आवळून पाहिला. कानसेन बाजूला उभा राहिला. आधीसारखं हसणं-बोलणं अजून नव्हतं, आणि ते लगेच येईल असं त्यालाही वाटत नव्हतं.

"नक्की ना?" असं त्यांनी विचारलं नाही. "कुठे शंका आहे का?" असं विचारलं.

"मागच्या टायरची," तो म्हणाला. "महिनाभर चालेल. त्यानंतरचं मला सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली आणि गेटमधून बाहेर पडल्या. तो स्टँडवरच बाकावर बसला. पूल, चढ, उतार, पुढचं वळण, सगळं मनातल्या मनात त्यांच्याबरोबर पार करत. रखवालदारानं त्याला बघून विचारलं, "जायचं नाही का?" हळू, सुटं सुटं विचारलं. कानसेननं हातानं थांब अशी खूण केली.

पंचवीस मिनिटांनी खिशातला फोन थरथरला. सिस्टरचा मेसेज होता. "पोचले. हात दुखतोय. सायकल ठीक आहे."

त्यानं तो दोनदा वाचला आणि उठला.